शॉट आलाच नाही तर?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये दर मार्चला एक ठरावीक पोरगा दिसतो. चेहरा बदलतो, जर्सी बदलते, पोरगा तोच. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, अक्षरशः आजानुबाहू, आणि समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर प्लेयरला गोचिडासारखा चिकटलेला. मधेच पास तोडतो, एकटा पळत जाऊन डंक मारतो, मागून धावत येऊन कुणाचा तरी लेअप बोर्डावर आपटतो. कॉमेंटेटर वेडे होतात. मग हाच पोरगा कोपऱ्यात उभा असताना त्याच्याकडे बॉल येतो. आसपास दहा फुटांत कोणी नाही. तो रिंगकडे बघतो, अर्धा सेकंद थबकतो, आणि बॉल दुसऱ्याला देऊन टाकतो.

आजचा विषय म्हणजे हा अर्धा सेकंद. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याची किंमत लाखो डॉलर्समध्ये लागते, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती बऱ्याचदा चुकीची लागते. दोन्ही बाजूंनी चुकीची. कुणाला उगाच डोक्यावर घेतात, तर कुणाकडे बघतही नाहीत.

ज्यांना बास्केटबॉलची फार सवय नाही त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. विंग म्हणजे मधल्या मापाचा प्लेयर. बॉल खेळवत आणणारा छोटा गार्डही नाही आणि रिंगखाली उभा राहणारा ताडमाडही नाही. लीगमधले बरेच मोठे स्कोरर याच मापाचे असतात, त्यामुळे त्यांना अडवू शकणारा विंग प्रत्येक टीमला हवाच असतो. ड्राफ्टमध्ये ३० टीम्स पाळीपाळीने कॉलेजातले (आणि परदेशातले) खेळाडू निवडतात. राउंड दोन. पहिल्या राउंडमध्ये निवड झाली की निदान दोन वर्षांचा पगार पक्का. दुसऱ्या राउंडमध्ये तशी हमी नाही. म्हणजे तिसाव्या आणि एकतिसाव्या नंबरमध्ये खेळाचा फरक नखाएवढा, पण घरच्यांना सांगायच्या बातमीचा फरक केवढा तरी!

आता दोन पोरं घेऊ.

पहिला कवाय लेनर्ड. सॅन डिएगो स्टेटकडून दोन वर्षं खेळला. पंजे अवाढव्य, रिबाउंड्स भरपूर, डिफेन्स कडक. शॉट? दोन वर्षांत मिळून थ्री-पॉइंटर्स फक्त २५ टक्के. फ्री थ्रो साधारण ७४-७५ टक्के. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या नंबरवर इंडियानाने घेतला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियो स्पर्सला देऊन टाकला.

दुसरा मायकेल किड-गिलख्रिस्ट. केंटकीकडून एकच वर्ष खेळला, त्याच वर्षी म्हणजे २०१२ साली केंटकी नॅशनल चॅम्पियन. थ्री-पॉइंटर्स साधारण २५ टक्के. फ्री थ्रो साधारण ७४-७५ टक्के. अँथनी डेव्हिसच्या पाठोपाठ दुसऱ्याच नंबरवर शार्लटने घेतला. वय १८.

आकडे बघा. जवळजवळ कॉपी-पेस्ट.

लेनर्डचा शॉट स्पर्सचे शूटिंग कोच चिप एंगलंड यांनी हातात घेतला आणि बॉल सोडण्याची जागा जराशी बदलली. पहिल्याच सीझनमध्ये लेनर्डचे थ्री ३७ टक्क्यांच्या वर गेले. २०१४ च्या फायनल्सचा एमव्हीपी, २०१५ आणि २०१६ चा सर्वोत्तम डिफेंडर, २०१९ मध्ये टोरोंटोकडून पुन्हा फायनल्सचा एमव्हीपी. किड-गिलख्रिस्टच्या शॉटवरही मेहनत झाली. शार्लटने मार्क प्राइसला आणलं, म्हणजे स्वतःच्या काळातल्या सर्वोत्तम शूटर्सपैकी एकाला. पण शॉट काही सरळ झाला नाही. पहिल्या अख्ख्या सीझनमध्ये त्याने थ्री मारले ९, गेले २. पुढे खांद्याच्या दुखापती झाल्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीत शार्लटने त्याला मोकळं केलं.

यावर सरळसोट निष्कर्ष काय निघतो? की स्पर्स हुशार आणि शार्लट बावळट? मला तो आळशीपणा वाटतो. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन पोरांपैकी एकाचा शॉट आला, दुसऱ्याचा नाही. याचा सरळ अर्थ असा की शॉट येईल की नाही हे आधी नीट सांगता येत नाही. आणि जे सांगता येत नाही त्यावर दोन नंबरचा पिक लावणं याला आपल्याकडे मटका म्हणतात.

स्काउटिंगच्या भाषेत या जातीच्या प्रत्येक पोरासाठी एक वाक्य तयार असतं: 'शॉट सुधारला तर स्टार.' आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. 'पुढच्या रिलीजमध्ये फिक्स होईल' याचा हा सख्खा भाऊ. या वाक्यातलं 'तर' इतकं गुळगुळीत झालंय की ते आता कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की प्रश्न उलटा विचारा. शॉट आला तर काय, हे सगळेच विचारतात. शॉट आलाच नाही तर हा पोरगा मॅचच्या शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर काय काम करेल?

'शेवटची पाच मिनिटं' मुद्दाम म्हणतोय. रेग्युलर सीझनच्या ८२ मॅचेसमध्ये बऱ्याच गोष्टी खपून जातात. आज इथे मॅच, उद्या तिथे, समोरच्या कोचला तुमच्यासाठी खास प्लॅन करायला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये तीच टीम तुमच्याशी सातपर्यंत मॅचेस खेळते. म्हणजे सगळं ट्रॅफिक तुमच्या सिस्टिमच्या सगळ्यात कच्च्या भागावर सोडायचं, आणि तेही रोज. ॲव्हरेज केसला इथे कोणी विचारत नाही. वर्स्ट केस काय ते बोला!

टोनी ॲलन हे याचं क्लासिक उदाहरण. मेम्फिसचा हा विंग त्या काळातल्या सर्वोत्तम डिफेंडर्सपैकी एक. २०१५ च्या प्लेऑफमध्ये मेम्फिस गोल्डन स्टेटविरुद्ध २-१ ने पुढे होतं. चौथ्या मॅचला गोल्डन स्टेटने काय केलं, तर आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट याला ॲलनवर 'लावलं'. लावलं म्हणजे नावापुरतं. बोगट रिंगखाली तळ ठोकून बसला आणि ॲलनला सांगितलं, मार बाबा किती मारायचे ते. ॲलनचे शॉट जाईनात. मेम्फिसला बाकीच्यांसाठी रिंगखाली जागा मिळेना. शेवटी ॲलनला बाकावर बसवावं लागलं, आणि तो बाकावर बसला की त्याचा डिफेन्सही बाकावरच बसला. गोल्डन स्टेट पुढच्या तिन्ही मॅचेस जिंकलं, आणि त्या वर्षीची चॅम्पियनशिपही.

आंद्रे रॉबर्सनचं तर त्याहून वाईट झालं. कोलोरॅडोमधून आलेला, २०१३ ला २६ वा पिक, ओक्लाहोमा सिटीचा हुकमी डिफेंडर. २०१७ ला लीगच्या ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममध्ये होता. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने त्याला मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली. का, तर त्याला फ्री थ्रो लाइनवर उभं करणं ह्यूस्टनच्या फायद्याचं होतं. अख्ख्या सिरीजमध्ये त्याने २१ फ्री थ्रो मारले आणि ३ गेले. एकवीसपैकी तीन. समोर कोणी हात वर करून उभा नाही, अंतर १५ फूट, आणि अख्खं स्टेडियम बघतंय. मला ते बघवत नव्हतं.

क्रिकेटवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. एके काळी विकेटकीपरने कीपिंग चांगलं केलं की पुरे असायचं, बॅटिंग म्हणजे बोनस. १९९९ साली ॲडम गिलख्रिस्ट टेस्टमध्ये आला (हा वेगळा गिलख्रिस्ट बरं का :)) आणि हळूहळू सगळीकडे हिशोब बदलला. कीपिंगचं महत्त्व कमी झालं नाही, पण बॅटिंग ही प्रवेश फी झाली. बास्केटबॉलमध्ये थ्री-पॉइंटर्सचा पूर आल्यावर डिफेन्सवाल्या विंगचं हेच झालंय. तुमचा डिफेन्स जगात भारी असेल हो, पण समोरच्यांनी तुम्हाला मोकळं सोडून तुमच्याच टीमच्या स्टारवर दोन माणसं लावली तर तुमच्या डिफेन्सने वाचवलेले पॉइंट्स तुमच्याच ऑफेन्सने घालवले, असा जमाखर्च होतो.

मग अशा पोरात बघायचं काय? माझी यादी छोटी आहे.

एक. स्टील्स आणि ब्लॉक्स म्हणजे डिफेन्स नव्हे. ती डिफेन्सची पावती असू शकते, किंवा सिस्टिमची. मटीस थायबुलने वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षी मॅचमागे ३.५ स्टील्स आणि २.३ ब्लॉक्स काढले. अफाट आकडे आहेत. पण ती टीम झोन खेळायची, म्हणजे माणूस नाही, जागा सांभाळायची. लांब हातांच्या चलाख पोराला दबा धरून बसायला झोनसारखी जागा नाही. एनबीएमध्ये कुणालाही गार्ड न करता रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, असा नियमच आहे. कॉलेजात तो नाही. म्हणून आकडे बाजूला ठेवून बघायचं की समोरचा स्क्रीन लावतो तेव्हा हा त्यातून निसटतो की अडकतो. छोट्या गार्डमागे पाय हलतात का? आणि स्टीलच्या हव्यासापोटी उडी मारून मागे खिंडार किती वेळा पाडतो? थायबुल या परीक्षेत पास झाला. २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं तो ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममध्ये होता. तरीही ऑफेन्सच्या बाजूने प्रश्न उरलेच, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला पोर्टलंडला पाठवलं. पोर्टलंडने त्याच उन्हाळ्यात तीन वर्षांचे ३.३ कोटी डॉलर्स मोजून त्याला ठेवून घेतलं. विसाव्या पिकचा माणूस म्हणून बघितलं तर हा व्यवहार मुळीच वाईट नाही. किंमत योग्य असली की खोटही परवडते.

दोन. कॉलेजच्या थ्री-पॉइंट टक्केवारीला नमस्कार करून पुढे जायचं. किड-गिलख्रिस्टने केंटकीत ५१ थ्री मारले आणि १३ गेले. आणखी पाच गेले असते तर टक्केवारी ३५ झाली असती आणि सगळे म्हणाले असते, व्वा, शूटर! पाच शॉट्स म्हणजे एखाद्या आठवड्याचं नशीब. त्यापेक्षा फ्री थ्रो बघावेत, कारण तिथे हात किती मऊ आहे ते कळतं. पण फ्री थ्रोही ब्रह्मवाक्य नाही, वरची दोन पोरं त्याचा पुरावा. आणि ब्रूस बोवेन तर त्याहून मोठा. २००२-०३ मध्ये हा पठ्ठ्या थ्री मारण्यात अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, ४४.१ टक्के. त्याच सीझनमध्ये त्याचे फ्री थ्रो ४०.४ टक्के! कोपऱ्यातली एक जागा धरून तिथला एकच शॉट त्याने घोटून घोटून पक्का केला होता.

म्हणून मी फ्री थ्रोच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघतो. पोरगा मारतो का? हुकले तरी पुढचा मारतो का? लू डोर्टने ॲरिझोना स्टेटमध्ये जेमतेम ३१ टक्क्यांनी थ्री मारले, पण मॅचमागे पाचाहून जास्त मारले. सुरुवातीला म्हटलेला अर्धा सेकंद त्याच्याकडे नव्हता. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. ओक्लाहोमा सिटीने नंतर स्वस्तात उचलला. २०२० च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने त्यालाही मोकळं सोडलं, कारण आधीच्या मॅचेसमध्ये त्याचे बरेच शॉट हुकले होते. सातव्या मॅचला त्याने सहा थ्रीसकट ३० पॉइंट्स मारले. मॅच दोन पॉइंट्सनी गेली, आणि शेवटी शेवटी त्याचाच शॉट जेम्स हार्डनने ब्लॉक केला, ही गोष्ट वेगळी. पण पोरगा मारत राहिला. २०२४-२५ मध्ये त्याचे थ्री ४१ टक्के गेले, ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये आला आणि टीम चॅम्पियन झाली.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं. शॉट सोडून दुसरं काय येतं? समोरचा तुम्हाला सोडून रिंगखाली गेला की तुम्ही कोपऱ्यात पुतळ्यासारखे उभे राहता, की त्याच्या पाठीमागून कट मारता? स्क्रीन लावून आपल्या शूटरला मोकळं करता येतं का? पळता पळता बॉल मिळाला आणि समोर तिघे असले तर योग्य पास सुचतो का? रॉबर्सनला २०१६ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये गोल्डन स्टेटने असंच मोकळं सोडलं होतं. ओक्लाहोमा सिटीने त्याला कोपऱ्यातून काढलं, स्क्रीन लावायला आणि रिंगजवळ कट मारायला लावलं. चौथ्या मॅचला त्याने १७ पॉइंट्स आणि १२ रिबाउंड्स काढले. म्हणजे पोरगा तोच, फक्त काम बदललं. अर्थात हा उपाय फ्री थ्रो लाइनवर चालत नाही, ते पुढच्या वर्षी दिसलंच.

या तिसऱ्या मुद्द्यावर माझा आवडता प्लेयर म्हणजे हर्ब जोन्स. अलाबामात चार वर्षं काढली. तिथे कोच नेट ओट्स यांची एक पद्धत आहे. पासला हात लावणं, सुटलेल्या बॉलवर झेप घेणं, चार्ज घेणं अशा कष्टाच्या कामांचे गुण मोजायचे आणि मॅचनंतर जास्त गुणवाल्याला कामगारांचं हेल्मेट द्यायचं. जोन्स त्या हेल्मेटचा नेहमीचा गिऱ्हाईक. पण तो फक्त कष्टाळू नव्हता. शेवटच्या वर्षी बॉल हाताळायचा, मॅचमागे तीनाच्या वर असिस्ट्स द्यायचा, २०२१ ला एसईसी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम डिफेंडर दोन्ही तोच. म्हणजे शॉट आलाच नसता तरी त्याला मैदानावर काम होतं. ड्राफ्टमध्ये नंबर किती? ३५. दुसरा राउंड. वय २२, त्यामुळे 'वाव कमी' असं मानणारे बरेच. २०२३-२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडून त्याचे थ्री जवळजवळ ४२ टक्के गेले आणि तो ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये आला.

याच्या उलट आयझॅक ओकोरो. ऑबर्नमधून एक वर्ष खेळून १९ व्या वर्षी, २०२० साली पाचव्या नंबरवर क्लीव्हलंडला. मेहनती पोरगा. थ्री हळूहळू २९ टक्क्यांवरून ३९ पर्यंत आणले. कागदावर शॉट आला! पण समोरच्या टीम्सनी त्याला मोकळं सोडणं थांबवलं नाही. २०२३ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कने तेच केलं. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलंडने त्याला शिकागोला देऊन लोन्झो बॉल घेतला. टक्केवारी आणि धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याला तुमचा धाक वाटला तर तो तुमच्याजवळ उभा राहतो. नुसती टक्केवारी वाचून कोणी जवळ येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनी असा सावध विचार केला तर लेनर्ड कुणालाच मिळणार नाही. मान्य. पण लेनर्ड स्पर्सना पंधराव्या नंबरवर मिळाला. त्या नंबरवर शॉट नसलेला लेनर्डसुद्धा, नुसत्या रिबाउंड्स आणि डिफेन्सवर, पैसावसूल होता. शॉट आला हे वरचं घबाड. वर्स्ट केस परवडणारी असेल तर बेस्ट केसची स्वप्नं खुशाल बघावीत. दुसऱ्या-पाचव्या नंबरवर मात्र तुम्ही किंमतच घबाडाची मोजलेली असते.

आणि ती किंमत टीमपेक्षा जास्त पोरगा मोजतो, हे मला खरं टोचतं. किड-गिलख्रिस्टचं नाव निघालं की लोक 'फ्लॉप' म्हणून मोकळे होतात. २०१४-१५ च्या सीझनचा हिशोब बघा. तो खेळला त्या ५५ मॅचेसमध्ये शार्लट २७ जिंकलं, २८ हरलं. तो नव्हता त्या २७ मॅचेसमध्ये ६ जिंकलं, २१ हरलं. बाकीच्या जखमा, योगायोग वगैरे वजा करा हवं तर, तरी हा निरुपयोगी माणसाचा हिशोब नाही. तो जे काम करायचा ते उत्तमच करायचा. त्याला निवडलं होतं मात्र तो जे काम करत नव्हता त्यासाठी. तोच पोरगा पंधराव्या नंबरवर गेला असता तर आज त्याच्याबद्दल 'काय डिफेंडर होता!' असं बोललं गेलं असतं.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये तो ठरावीक पोरगा दिसला, त्याने कुणाचा तरी लेअप बोर्डावर आपटला आणि स्क्रीनवरचे तज्ज्ञ 'शॉट सुधारला तर...' म्हणायला लागले, की क्षणभर टीव्हीचा आवाज बंद करा. बॉल दुसऱ्या बाजूला असताना हा काय करतोय ते बघा. तो हलत असेल, कट मारत असेल, स्क्रीन लावत असेल आणि मोकळा शॉट मिळाल्यावर हुकण्याची लाज न बाळगता मारत असेल, तर माझं मत त्याला. नुसताच कोपऱ्यात उभा असेल तर त्याचा डिफेन्स कितीही आवडला तरी वीसच्या आधी त्याचं नाव घेऊ नका. त्याच्याच भल्यासाठी.